अडतीस बोये आणि एक ससाणा

माझ्या विहीणबाई आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आल्या, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांची ट्रंक अजून खाटेखाली आहे, कुलूप लावलेली. मी कधी म्हटलं, की अहो, कपडे कपाटात लावा, तर म्हणतात, "राहू द्या हो. निघताना बरं पडतं."

त्यांची फेरीबोटीवरची नोकरी संपली आणि कंपनीची खोली सोडावी लागली. मुलगी एकुलती एक, ती माझी सून. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं हे त्यांच्या मानी स्वभावाला जड गेलं. मी म्हटलं, या तर खरं, नाही पटलं तर भांडू. पटलं नाही, भांडलो, पण त्या गेल्या नाहीत. आम्ही दोघी अजून एकमेकींना अहो-जाहो करतो, भांडताना तर जरा जास्तच. सून "आई" अशी हाक मारते. चहा झालेला असला की दोघी ओ देतो, आणि भांडी पडलेली असली की एकीलाही ऐकू येत नाही.

बाई बत्तीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकायच्या. बोट धक्क्याला लागायच्या आधी दोराचा फास लांबून फेकून लोखंडी खुंट्याला अडकवायचा, हे काम. ऐकायला सोपं आहे. दोर ओला असतो, माणसाच्या मनगटाएवढा जाड असतो, बोट हलत असते आणि मागे दोनशे माणसं उतरायची घाई करत असतात. दिवसाला सोळा फेऱ्या. बाईमाणूस दोर टाकणार म्हणून पहिल्या वर्षी धक्क्यावर बघ्यांची गर्दी व्हायची. त्या वर्षात तीनदा नेम चुकला, आणि ते तीन दिवस त्यांना अजून वारानिशी आठवतात. पुढची एकतीस वर्षं चुकली नाही. सगळं बंदर त्यांना दोरवाली म्हणतं, आणि त्या नावाने हाक मारली तर त्या मागे वळून पाहतात.

त्या नोकरीत त्यांचा डावा डोळा गेला. ताणलेला दोर तुटला आणि त्याचं टोक तोंडावर बसलं. दीड महिन्यात परत कामावर. लोक हळहळले तर म्हणायच्या, "नेम धरायला एक डोळा मिटावाच लागतो. माझा आयताच मिटला."

आता पक्ष्यांचं सांगते. फेरीबोटीच्या मागे कुरव लागतात, म्हणजे ते पांढरे समुद्रपक्षी, सतत भुकेले आणि सतत भांडणारे. बोटीच्या पंख्याने पाणी ढवळलं की मासे वर येतात, शिवाय उतारू पाव टाकतात. बाईंची जागा बोटीच्या मागच्या कडेला, त्यामुळे बत्तीस वर्षं त्यांच्या डोक्यावर कुरवांची पंगत. त्यांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. मग एका हिवाळ्यात, भर खाडीत, सगळे कुरव एकदम गप्प झाले. बाई म्हणतात, "इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं मला. इंजिन चालू होतं, बंद पडले होते ते कुरव." त्यांनी मान वर केली तोवर वरून काहीतरी सुटलं, एक कुरव हवेतल्या हवेत उचलला गेला, आणि पिसं बाईंच्या खांद्यावर पडली.

त्या बोटीने पलीकडच्या शाळेत शिकवायला जाणारे एक मास्तर रोज जायचे. बाईंनी ते पीस त्यांच्या पुढ्यात धरलं. "मास्तर, हे ज्याचं आहे त्याला कुणी नेलं?" मास्तरांनी सांगितलं, बहिरी ससाणा. झालं. त्या दिवसापासून बाईंना नाद लागला तो लागला.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी हिवाळ्यात दर रविवारी सकाळी पक्षी पाहायची फेरी सुरू केली. मासळी बंदरापासून निघायचं, बर्फाच्या कारखान्यामागून दगडी बांधावर जायचं, बांधाच्या टोकाला दिव्याचा खांब आहे तिथपर्यंत चालायचं आणि परत येऊन टपरीवर चहा प्यायचा. दहाबारा माणसं येतात. त्यांतला एक घड्याळवाला, बाजारात घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या गळ्यात लहान बाळाएवढा कॅमेरा असतो आणि डोळा म्हणजे भिंग.

या फेरीचा एक नियम आहे. पक्षी वहीत चढायचा तर तो दोन जणांनी पाहिलेला हवा, आपापल्या डोळ्यांनी. एकट्याने गरुड पाहिला तरी तो मनातच ठेवायचा. मास्तरांनी मास्तरकी सोडली ती फक्त शाळेत. आणि ही वही पहिल्या दिवसापासून विहीणबाईंकडे. चौदा हिवाळे त्यांनीच लिहिली. वर्षातून एका रविवारी मोठी मोजणी असते. त्या दिवशी सगळ्या बंदरांवर लोक एकाच वेळी पक्षी मोजतात आणि आकडे वर जातात, मोठ्या शहरात, कुठल्याशा कचेरीत. आमच्या बंदराच्या आकड्याखाली बाईंची सही जायची. सहीच्या दिवशी त्या सकाळपासून कुणाशी धड बोलत नसत.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात, शेवटच्या फेरीला, बाईंनी बांधाच्या आतल्या शांत पाण्यावर कुरव मोजले आणि सांगितलं, "एकशे सहा."

घड्याळवाल्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. परत पाहिलं. म्हणाला, "मावशी, अडुसष्ट."

"नीट मोज."

"नीटच मोजले. उरलेले अडतीस उडतच नाहीत. ते बोये आहेत."

बोये म्हणजे जाळं पाण्यावर धरून ठेवणारे पांढरे प्लॅस्टिकचे गोळे. ओळीने तरंगत होते. जिने बत्तीस वर्षं असल्या बोयांना चुकवत बोट धक्क्याला लावून घेतली, तिने बोये कुरव म्हणून मोजले. मंडळी पोट धरून हसली. बाईही हसल्या, आकडा खोडून अडुसष्ट केला. टपरीवर चहा पिताना घड्याळवाला म्हणाला, "मावशी, त्यातले नर किती आणि माद्या किती?" त्यावरही हसल्या.

घरी येऊन मात्र जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, पोट जड आहे. मला काय, मी लक्ष दिलं नाही. मग दोन दिवसांनी पाहिलं तर माझ्या मुलाच्या पांढऱ्या शर्टाला त्या बटण लावत होत्या, काळ्या दोऱ्याने. आणि बटण लागलं होतं काजाच्या बाजूला.

मी दार लोटून घेतलं. "विहीणबाई, उजवा पण गेला का?"

"गेला नाही. धूर भरल्यासारखा झालाय."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"डॉक्टरला दाखवलात?"

"दाखवला. मोतीबिंदू म्हणाला. काढून टाकू, वीस मिनिटांचं काम आहे."

"मग काढा की."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "त्याच्याकडे दोन डोळे आहेत, म्हणून त्याला वीस मिनिटं वाटतात. माझ्याकडे एकच आहे. धूर तर धूर, पण दिसतंय. वीस मिनिटांत तेही घालवून बसले तर तुम्ही मला हाताला धरून संडासला नेणार का?"

नेलं असतं, पण कुरकुरत नेलं असतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. लोक हसले ते शेवटच्या फेरीच्या अडतीस बोयांना. पण मोठी मोजणी त्याच्या दोन आठवडे आधी झाली होती. तेव्हाही जाळं त्याच जागी होतं. त्या सकाळी आतलं पाणी बाईंच्या वाट्याला होतं. त्यांनी एकटीने मोजलं होतं आणि कुणी पडताळलं नव्हतं, कारण दोरवालीचा आकडा कोण पडताळणार? सगळ्यांची बेरीज धरून चारशे बारा कुरव, खाली त्यांची सही, आणि तो कागद केव्हाच वर गेला होता.

"त्यात बोये किती आहेत देव जाणे," त्या म्हणाल्या. "बाकी कुणाच्या हे डोक्यातही आलेलं नाही."

"मग मास्तरांना सांगून टाका."

"सांगितलं तर विचारतील, चुकलं कसं. मग डोळ्याचं सांगावं लागेल. मग वही जाईल." आणि वर, "वही गेली की मी काय, तुमच्याबरोबर घरात बसून टीव्ही पाहू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. टीव्ही मलाही आवडत नाही, आवाज तेवढा हवा असतो घरात.

सबंध उन्हाळा आणि पावसाळा हे गुपित आम्ही दोघींनी पदराखाली ठेवलं. लेकीला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं. सून म्हणायची, "तुम्हा दोघींचं हल्ली फार जमतंय, काय शिजतंय?" मी म्हणायची, तुला जेवायला मिळतंय ना, मग झालं. आणि थंडी पडायला लागली तशी मीच विषय काढला. म्हटलं, "यंदा मी येते फेरीला."

"तुम्ही? तुम्हाला कावळा तरी ओळखता येतो का?"

"कावळा येतो. बाकीचे सगळे मी कावळा नाही म्हणून ओळखते."

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहाटे साडेपाचला उठून, दोन स्वेटर, मफलर आणि मुलाची कानटोपी घालून मी पक्षी पाहायला निघाले. सुनेने फोटो काढला. मास्तरांनी "या, या" म्हणून गळ्यात एक जुनी दुर्बीण अडकवली. तिच्यातून पहिला अर्धा तास मला माझ्या पापण्याच दिसल्या.

हळूहळू आमचं बस्तान बसलं. मी त्यांच्या कोपराला धरून चालायची. लोकांना वाटायचं म्हातारीला आधार हवा. म्हातारी म्हणजे मी. आधार कुणाचा कुणाला होता ते आम्हालाच माहीत. मी कुजबुजायची, त्या ओळखायच्या.

"पाय लाल आहेत. चोच लाल. कानामागे काळा ठिपका."

"काळ्या डोक्याचा कुरव."

"अहो, डोकं पांढरंफेक आहे."

"हिवाळ्यात पांढरंच असतं."

"मग काळ्या डोक्याचा कशाला म्हणायचं?"

"तुमच्या यजमानांना टक्कल पडलं तेव्हा तुम्ही त्यांचं नाव बदललं होतं का?"

असं चालायचं. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. अख्ख्या हिवाळ्यात त्यांनी एकाही पक्ष्याला स्वतःची साक्ष दिली नाही. मास्तरांनी विचारलं, कोणी पाहिला, की त्या दुसऱ्या दोघांची नावं लिहायच्या. मी कुजबुजलेलं त्या ओळखायच्या, पण वहीत चढवायच्या नाहीत. "तुमचे डोळे आणि माझं डोकं, हे एकच माणूस झालं," म्हणायच्या. "नियम दोघांचा आहे." वही सोडवत नव्हती, पण वहीत खोटं लिहवतही नव्हतं. अशी कोंडी झाली होती बाईची.

आणि याच हिवाळ्यात मला त्यांची खरी विद्या कळली. बाकी सगळे शिकारी पक्षी शोधायला आभाळात पाहायचे. बाई आभाळाकडे पाहतच नसत. त्या कुरवांकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आधी मला वाटलं, दिसत नाही म्हणून असेल. नाही. दोन्ही डोळे होते तेव्हाही त्यांची रीत हीच होती, बोटीवर शिकलेली. मला समजावून सांगायच्या. "घार आली की कुरव उठतात, पण शिव्या देत उठतात. एक गिरकी, परत बसले. चिखलावरून भोवत्या, तोही शिकारीच, आला की कडेच्याच रांगा उठतात, कारण तो खालून चालतो, झाडूवाल्यासारखा. मासे मारणाऱ्या घारीला तर ते विचारतसुद्धा नाहीत, ती माशांची वैरी, यांचं काय घेतेय. आणि ससाणा आला की आधी गप्प. मग सगळे एकदम, एकमेकांना चिकटून, वर. कारण ससाणा वरून मारतो. त्याच्या वर गेलं की सुटले."

पांढरा थवा हलला तर तो त्यांना धुरातूनही कळायचा. आणि गप्प झालेलं ऐकायला डोळा लागत नाही.

मोठ्या मोजणीचा रविवार आला. ओहोटी होती, बांधाच्या आत चिखल उघडा पडला होता आणि त्यावर कुरवच कुरव. वारा असा की दुर्बीण धरलेले हात माझे राहिले नव्हते. मास्तरांनी वाटण्या केल्या. आतलं पाणी आणि चिखल त्यांनी सवयीने बाईंना दिला. बाई म्हणाल्या, "यंदा घड्याळवाल्याला द्या." मास्तरांनी भुवई वर केली, पण दिला. घड्याळवाला हसत म्हणाला, "मावशी, बोये वगळू ना?" बाई म्हणाल्या, "वगळ बाबा, तेवढ्यासाठीच तुला देतेय."

त्याची मोजणी संपत आली होती. बर्फाच्या कारखान्यावर दोन घारी घिरट्या घालत होत्या आणि सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे होत्या. माझा कोपर एकदम घट्ट आवळला गेला.

"गप्प झाले," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"कुरव. ऐकताय ना?" आणि मग मोठ्याने, बोटीवर उतारूंना ओरडायच्या त्या आवाजात, "ससाणा. दिव्याच्या खांबाच्या वर, उन्हाच्या अंगाला."

"घारी आहेत, मावशी," घड्याळवाला म्हणाला. "दोन. कारखान्यावर."

"घारीला ते गप्प होत नाहीत. वळ तिकडे."

आवाज असा होता की तो वळला. मीही वळले. सगळा चिखल उचलल्यासारखा वर गेला, पांढरा, दाटीवाटीने. मी उन्हाला हात आडवा धरून पाहत होते. दिव्याच्या वर काही नव्हतं. मग एक ठिपका होता. मग तो सुटला. विहिरीत दगड सोडावा तसा सरळ खाली. थवा मधोमध फाटला, ठिपका त्यातून आरपार गेला, पाण्यावर वाकून पुन्हा उचलला गेला आणि नांगरलेल्या जहाजांमागे दिसेनासा झाला. पंज्यात काही नव्हतं. मी इतका वेळ तोंड उघडं ठेवलं होतं की दातांत थंडी शिरली.

कुरव पुन्हा ओरडायला लागले. जीव वाचल्यावर माणसंही अशीच बडबडतात.

आमच्या बंदरावर सहा वर्षांत कुणी बहिरी ससाणा पाहिला नव्हता. मास्तर एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारत सुटले. "कोणी पाहिला? खरं सांगा, कोणी कोणी?"

घड्याळवाल्याने हात वर केला. त्याच्या कॅमेऱ्यात पुसटसा फोटोही आला होता. बाकीचे घारी पाहत राहिले होते. दुसरा हात माझा वर गेला, मोजा घातलेला.

"आणि बाई तर सगळ्यांच्या आधी," मास्तर म्हणाले. "बाई, पहिलं नाव तुमचं लिहा. काय नजर आहे हो तुमची."

सगळे बाईंकडे पाहत होते. वही उघडी होती, पेन हातात होतं. कुणाला काही कळलं नसतं. नाव लिहिलं असतं तर वही राहिली असती, अजून एखादा हिवाळा सहज निघाला असता, आणि जे बोयांवरून हसले त्यांची तोंडं कायमची बंद झाली असती. मी त्यांच्या बाजूला उभी होते. मनात म्हटलं, लिहा हो, एवढं तरी लिहा. तुमचाच आहे तो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मी नाही पाहिला," त्या म्हणाल्या.

"अहो, तुम्हीच तर दाखवलात."

"मी कुरव पाहिले. तेसुद्धा दोरीवर धुणं हलावं तसे. ससाणा मला दिसलेला नाही. मास्तर, मला तो दिव्याचा खांबही दिसत नाही. ससाणा ऊन पाठीशी घेऊन येतो, आणि त्या अंगाला खांब आहे हे ठाऊक आहे, म्हणून बोट केलं."

त्यांनी मग सगळं सांगितलं, डोळ्याचं, डॉक्टरचं, माझ्या कुजबुजीचं. हात जोडले नाहीत, आवाज खाली आणला नाही. दोर टाकून झाला हे कप्तानाला कळवावं तसं कळवलं. शेवटी म्हणाल्या, "गेल्या मोजणीचा चारशे बारा हा आकडा माझा आहे, आणि तो चूक आहे. त्यात बोये आहेत. किती ते मला सांगता येत नाही. तो खोडा, आणि वर कळवा की आमच्या बंदराचा आकडा चुकला. माझ्या सहीचा म्हणून कळवा."

मास्तरांनी खिशातल्या कागदावर आकडा टिपून घेतला. मग म्हणाले, "कळवतो. आजच पत्र लिहितो."

त्यांनी नियम मोडला नाही, बाईंना सूट दिली नाही, उगाच गोड बोलले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी बाईंचा मान राखला.

बाईंनी वही घड्याळवाल्यापुढे धरली. "घे. तुझी मोजणी चांगली आहे. दुसऱ्याचं ऐकत नाहीस तेवढं सुधार."

तो कानापर्यंत लाल झाला. "मावशी, ते बोये म्हणून मी तुम्हाला..."

"बोयेच होते. तू बरोबर होतास."

मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या माहेरच्या माणसाने काही केलं असतं तरी माझी मान इतकी ताठ झाली नसती. बत्तीस वर्षं न चुकता दोर टाकल्याचं सगळे सांगतात. पण चुकलेला दोर चारचौघांत परत ओढून घेताना मी त्यांना त्या दिवशी पाहिलं.

घड्याळवाल्याने वही गुडघ्यावर घेऊन लिहिलं, बहिरी ससाणा, एक. मग पाहणाऱ्यांत स्वतःचं नाव, आणि मला विचारलं, "आजी, तुमचं काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, दोरवालीची विहीण."

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "लिही. बंदरावर कुणालाही कळेल."

परत येताना बाईंनी माझा हात उघडपणे धरला. खड्डा आला की मी सांगायची, त्या पाऊल उचलायच्या. निम्म्या बांधापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "आता लपवायला काही उरलं नाही. घ्या बाई तारीख त्या डॉक्टरची. रविवार सोडून कुठलीही."

घरी सून आम्हा दोघींवर अशी कडाडली की विचारू नका. "दोघी आया मिळून मला वर्षभर फसवत होतात?" मी म्हटलं, एक आई फसवते, दुसरी साथ देते, तुझं नशीब मोठं. त्यावर ती रडली, मग हसली, मग डॉक्टरला फोन लावला.

मंगळवारी ऑपरेशन झालं. खरंच वीस मिनिटं. बाहेर बाकावर बसून मी ती मोजली, आणि मला ती फेरीबोटीच्या बत्तीस वर्षांपेक्षा लांब वाटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने पट्टी काढली. बाईंनी खिडकी पाहिली, डॉक्टर पाहिला, लेक पाहिली, तिच्या गालाला हात लावला. मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, तुम्ही फार म्हाताऱ्या झालात हो."

हिवाळ्याच्या शेवटच्या फेरीला डॉक्टरने परवानगी दिली. त्या पहाटे बाईंनी खाटेखालून ट्रंक ओढली आणि कुलूप काढलं. मी कधीची वाट पाहत होते, पुढे होऊन डोकावले. आत फेरीबोटीचा निळा जाडा स्वेटर होता, आणि दुसरं काहीही नव्हतं. अकरा वर्षं निघताना बरं पडतं म्हणून जी ट्रंक भरून ठेवली होती, तिच्यात एक स्वेटर. त्यांनी स्वेटर घातला, रिकाम्या ट्रंकेला पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आमचं ठरलेलं आहे, काही गोष्टींवर भांडायचं नाही.

बांधावर मंडळी आमच्या आधी पोहोचली होती. वही घड्याळवाल्याच्या काखेत होती. त्याने ती पुढे केली नाही आणि बाईंनी मागितली नाही. मला अजून वाटतं, करायला हवी होती. पण बाई म्हणतात, त्याचं अक्षर नीट आहे, आणि वही काय, जो नीट लिहील त्याची.

बाई आतल्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दुर्बीण लावली नाही. ओठ हलत होते.

"बोये एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "तीन नवे टाकलेत कुणीतरी."

घड्याळवाल्याने कॅमेऱ्यातून मोजले. "एक्केचाळीस. पण मावशी, बोये कुठे लिहू? वहीत रकाना नाही."

"शेवटच्या पानावर लिही. तुझेही डोळे कधीतरी म्हातारे होतील."

त्याने लिहिलं. मग वही बंद केली, कॅमेरा पोटावर सोडला आणि बाईंच्या शेजारी, त्यांच्यासारखाच, आभाळाकडे पाठ करून कुरवांकडे पाहत उभा राहिला. दहाबारा माणसं दुर्बिणी खाली ठेवून तशीच उभी राहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मास्तरांनीही पाहिलं, म्हणजे दोघं झालो.

"मावशी," थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "काय म्हणतात?"

"शिव्या देतायत," बाई म्हणाल्या. "घार आहे कुठेतरी. ऐक नीट."

तो मान खाली घालून ऐकायला लागला.